नवी पांढरी

परक्या शहरात बरीच वर्षे काढून मनुष्य आपल्या जन्मगावी परततो आणि तेथे संसाराचा डाव पुन्हा मांडू पाहतो, हे कथानक आपल्या करमणुकीच्या वाङ्मयास फार मानवले आहे. दूरचित्रवाणीवर अशा कथानकाच्या विनोदी मालिका निघतात, काही आठवडे चालतात आणि पुष्कळदा लवकरच बंदही पडतात. चित्रपटांत आशुतोष गोवारीकर यांच्या 'स्वदेस'ने (2004) ह्याच विषयास गंभीर रूप दिले. ह्या सर्व कथांतील विनोद व कारुण्य एकाच गृहीतकावर उभे असते. ते हे की, गाव जागच्या जागी आहे आणि बदल झाला आहे तो मनुष्यात. पार तोच, चावडी तीच, आडावरची भांडणे तीच. परतलेल्या गृहस्थास मात्र त्यांचा सूर सापडत नाही, आणि म्हणून प्रेक्षकास हसू येते.

लातूर जिल्ह्याच्या दक्षिण अंगास, तेरणा नदीच्या खोऱ्यात, 1993 साली ह्याच्या नेमके उलट घडले. माणसे जागच्या जागी राहिली आणि गाव निघून गेले. वाचलेल्या लोकांस स्वतःच्याच गावी संसार नव्याने मांडावा लागला. पण ते गाव कोठे आहे, हाच पहिला प्रश्न होता. ह्या पुनर्वसनाविषयी सरकारी अहवाल पुष्कळ झाले आणि अभियंत्यांनीही पुष्कळ लिहिले. गाव मोडणे व वसणे ही आपल्या इतिहासातील एक जुनी घडामोड आहे, आणि तिच्या मालिकेत किल्लारीचे स्थान काय, हा विचार मात्र तितकासा झालेला आम्हांस आढळत नाही. तो येथे करावयाचा आहे.

आपल्या जुन्या भाषेत गावाचे दोन भाग असत : काळी व पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पिढ्यानपिढ्यांच्या भिंतींची, चुलींच्या राखेची व गाळाची माती साचून वस्तीची भूमी पांढुरकी होते, म्हणून हे नाव. दुष्काळाने, परचक्राने किंवा वसुलीच्या जाचाने रयत परागंदा झाली की गाव 'उठले' म्हणत. चूल पेटेनाशी व दिवा लागेनासा झाला की ते 'बेचिराख' म्हणून दप्तरात चढे. असे गाव पुन्हा वसविणे हे राज्यकर्त्याचे मोठे कर्तव्य समजले जाई. त्यासाठी रयतेस अभयाचा कौल मिळे, आणि सारा एकदम न घेता वर्षावर्षास थोडा थोडा चढवीत नेण्याची इस्ताव्याची पद्धत होती.

दुर्गादेवीच्या दुष्काळानंतर, पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात, बहामनी दरबाराने घाटाकडील ओसाड मुलूख वसविण्याचे काम हाती घेतले. त्यात दादू नरसू काळे हा ब्राह्मण प्रमुख होता, असे ग्रँट डफने आपल्या 1826 च्या इतिहासात लिहिले आहे. जुन्या शिवांच्या खुणा कोणास ठाऊक नव्हत्या; म्हणून दोन-दोन, तीन-तीन गावांची मिळून एकेक गावे करण्यात आली, आणि जो कसावयास तयार होईल त्यास जमीन देण्यात आली. पहिल्या वर्षी सारा माफ. दुसऱ्या वर्षी बिघ्यामागे घोड्याचा एक तोबरा भरून धान्य. येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नव्या वसाहतीत मनुष्याचा वाटा ठरला तो त्याच्या कसण्याच्या तयारीवर. पूर्वी त्याच्यापाशी किती होते, ह्यावर तो ठरला नाही.

ह्याच्या जोडीस दुसरी एक प्रथा होती व ती ह्याहून वेगळी होती. ज्याची जमीन मिरासीची, तो गाव सोडून गेला आणि कित्येक वर्षांनी परत आला, तरी त्याचा हक्क बुडत नसे. जो उपरी, म्हणजे बाहेरून येऊन जमीन कसणारा, त्यास असा हक्क नव्हता. पेशवाईच्या पाडावानंतर एल्फिन्स्टनने 1819 साली जो अहवाल लिहिला त्यात मिरासदारांच्या ह्या हक्काची दखल घेतली आहे. अर्थात जन्मगावी परतून डाव मांडण्याची मुभा सर्वांस सारखी नव्हती. मिरासदारास गाव ओळखत असे. उपऱ्यास ते पुन्हा पहिल्यापासून ओळख विचारी. गाव वसविण्याच्या ह्या दोन रीती, एक कसणाऱ्याची व एक मिराशीची, डोळ्यांपुढे ठेवून आता आपण किल्लारीकडे वळू.

29 सप्टेंबर 1993 रोजी अनंत चतुर्दशी होती. गणपतींचे विसर्जन करून लोक रात्री उशिरा घरोघर निजले. 30 तारखेस पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला. त्याचे मान 6.2 ते 6.4 ह्यांच्या दरम्यान मोजले गेले. जगाच्या मानाने हा काही महाभयंकर धक्का नव्हे; पण लातूर जिल्ह्यातील किल्लारी, तळणी, मंगरूळ आणि त्या वेळच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यातील सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी अशी गावेच्या गावे ढिगाऱ्याखाली गेली. सुमारे आठ हजार मनुष्ये मेली असा सरकारी आकडा आहे. काही गणनांत तो पावणेदहा हजारांच्या घरात जातो.

इतका संहार का झाला, ह्याचे उत्तर घरांच्या रचनेत आहे. ह्या भागातील भिंती अनघड काळ्या दगडांच्या, मातीत रचलेल्या, दोन-अडीच फूट किंवा त्याहूनही जाड असत. वास्तविक ती एक भिंत नसून आतली व बाहेरची अशा दोन भिंती असत. मध्ये दगडगोट्यांची व मातीची भर घातलेली, आणि दोहोंस सांधणारे आरपार लांब दगड बहुधा नसत. वर लाकडी खणांवर मातीचे माळवद. ते गळू नये म्हणून पावसाळ्याच्या तोंडी त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर पडे आणि जुना काढला जात नसे. यामुळे दर पिढीस छताचे ओझे वाढत जाई. उन्हाळ्यात असे घर थंड, हिवाळ्यात उबदार, चोरास अभेद्य. मराठवाड्याच्या उन्हाशी व दरोड्यांशी झुंजत शिकलेले हे शहाणपण होते. त्यात भूकंपाचा धडा मात्र नव्हता. हादरा बसताच दोन्ही भिंती एकमेकींपासून फाकल्या आणि निजलेल्या माणसांवर कोसळल्या. अनेक ठिकाणी लाकडी खांब व तुळया उभ्या राहिल्या आणि भिंती तेवढ्या खाली आल्या.

शास्त्रासही हा धडा पुरता आलेला नव्हता. दख्खनचे पठार हे अचल मानले जाई. 11 डिसेंबर 1967 च्या कोयनेच्या धक्क्याने त्या समजुतीस तडा दिला होता. तथापि भारतीय मानकाच्या त्या वेळच्या नकाशात लातूरचा प्रदेश सर्वात कमी धोक्याच्या पहिल्या विभागातच होता. पुढे 2002 च्या सुधारणेत तो पहिला विभागच रद्द झाला आणि लातूर तिसऱ्या विभागात आले. भूमीने सूचना दिली नव्हती असे मात्र नाही. ऑगस्ट 1992 पासून पुढे कित्येक महिने किल्लारीच्या आसपास लहान धक्के जाणवत होते, व ऑक्टोबर 1992 मधील एकाने लोकांची चांगलीच गाळण उडविली होती.

ह्या संहाराची एक बाजू विशेष विचार करण्यासारखी आहे. जड माळवद व रुंद दगडी भिंती हे ऐपतीचे लक्षण होते. ज्यांच्या डोक्यावर कुडाची, गवताची किंवा पत्र्याची हलकी छपरे होती, अशा भूमिहीन मजुरांपैकी अनेकजण त्या रात्री त्या छपरांमुळेच बचावले. ज्या वाड्याने घराण्याची प्रतिष्ठा सांभाळली, तोच घराण्याच्या अंगावर पडला. ज्या झोपडीस कोणी हिशेबात धरीत नसे, ती उभी राहिली. क्षणभर का होईना, गावाची उतरंड उलटी झाली होती.

आता पुनर्वसनाकडे पाहू. राज्य सरकारने 1994 साली जागतिक बँकेच्या साहाय्याने जो कार्यक्रम आखला, त्यात 52 गावे जुन्या जागेवरून उठवून सर्वस्वी नव्या जागी वसवावयाची ठरली. अन्य गावांतील दीड लाखांहून अधिक घरे जागच्या जागी दुरुस्त व बळकट करावयाची होती. 52 गावांच्या घरबांधणीस देशभरच्या संस्था, उद्योगसमूह व वृत्तपत्रांचे मदतनिधी ह्यांनी हातभार लावला. नव्या घरांचे आकार तीन ठरले. भूमिहीन व एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यास 250 चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्यास 400. आणि सात हेक्टरांच्या वर जमीन असणाऱ्यास 750 चौरस फूट.

ह्या तीन आकड्यांपाशी इतिहासाच्या अभ्यासकाने थोडे थांबावे. दादू नरसूच्या वसाहतीत पूर्वीच्या मालकीचा प्रश्न बाजूस ठेवून कसणाऱ्यास जमीन मिळाली होती. येथे घराचे मान ठरविताना कुटुंबात माणसे किती, ढिगाऱ्यातून किती निघाली, विधवा व पोरकी मुले किती, ह्यांपेक्षा सातबाऱ्यावर जमीन किती ह्यास अधिक वजन मिळाले. म्हणजे मिराशीचा कायदा पुस्तकांतून गेला. पण त्याचा आत्मा हेक्टरांचे रूप घेऊन परत आला. भूकंपाने जी उतरंड एका रात्रीत उलथून टाकली होती, ती सरकारी कोष्टकाने पुन्हा पूर्ववत रचली, व ह्या वेळी सिमेंटात रचली. जुन्या गावात सधन व निर्धन ह्यांची घरे निदान वाढीव बांधकामाने किंवा पडझडीने पिढ्यांगणिक बदलत असत. नव्या गावात पुष्कळ ठिकाणी एका आकाराची घरे एका बाजूस बांधली गेल्यामुळे कोणाची जमीन किती होती, हे 1993 नंतर जन्मलेल्या मुलासही रस्त्यावरून चालताना कळावे अशी व्यवस्था झाली.

ह्यावर कोणी म्हणेल की, मोठ्या शेतकऱ्यास धान्य, औते व गुरे ठेवावयास जागा लागते आणि त्याचे नुकसानही मोठे झाले होते. आक्षेप खोटा नाही. परंतु धान्यास व गुरांस जागा लागते ती अंगणात व गोठ्यात. त्यासाठी मोकळी जागा कमीअधिक देता आली असती. निजावयाची जागा मात्र माणसागणिक लागते, एकरागणिक लागत नाही. सात मनुष्यांचे भूमिहीन कुटुंब 250 फुटांत आणि तिघांचे जमीनदार कुटुंब 750 फुटांत, हा हिशेब गरजेचा म्हणता येत नाही.

उतरंड अशी नव्या गावी आली. मागे काय राहिले? जुन्या पांढरीत घराला घर लागून असे. अरुंद बोळ, दोन्ही बाजूंस उंच भिंती, त्यामुळे दुपारी सावली. भावकीची घरे एका गल्लीत. बायकांस अंगणातून अंगणात जाता येई. म्हाताऱ्यास ओट्यावर बसून साऱ्या गल्लीची खबर मिळे. नव्या गावांचे नकाशे बहुधा शहरी चौकटीचे होते : सरळ व रुंद रस्ते, सुटे सुटे भूखंड, सारख्या रांगा. रुंद रस्ते ठेवण्याचे कारण उघड आहे. जे लोक ढिगाऱ्यांनी बुजलेल्या बोळांत अडकले होते, त्यांस मोकळी वाट हवीच होती. पण त्यापायी गावठाणाचा पसारा कित्येक पटींनी वाढला. पांढरीसाठी काळी खर्ची पडली. रस्ते, गटारे, नळ ह्यांची लांबी वाढली आणि ती सर्व राखण्याचा भार जुन्याच ऐपतीच्या ग्रामपंचायतीवर आला. भावकी पांगली, शेजार तुटला, दुपारची सावली गेली. न्यावयाचे ते मागे राहिले आणि टाकावयाचे ते सोबत आले, असा आमचा ह्या पुनर्वसनाविषयी निष्कर्ष आहे.

जुन्या पांढरीचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही, हे येथे स्पष्ट करणे अवश्य आहे. ती समतेची नगरी नव्हती. तिच्या वेशीबाहेर महारवाडा व मांगवाडा होता आणि आडाच्या काठावर कोणी चढावे ह्याचे नियम होते. ज्या मजुराने जन्मभर कुडाच्या छपराखाली काढली, त्यास 250 फुटांचे पक्के घर ही लहान गोष्ट नव्हती. शिवाय पुष्कळ वाचलेल्यांचा दगडी भिंतीवरील विश्वास पार उडाला होता. जेथे आप्त गाडले गेले तेथे पुन्हा चूल मांडण्यास त्यांचे मन घेईना. गाव हलवा, ही मागणी पुष्कळ ठिकाणी त्यांचीच होती. हजारो कुटुंबे पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत उन्हाळे काढीत असता घाई करणे भाग होते. हे सर्व मान्य करूनही प्रश्न उरतोच. घाईमुळे नकाशा सोपा करावा लागला हे समजते; पण जमीन मोजण्यास जेवढी सवड मिळाली, तेवढी माणसे मोजण्यास का मिळू नये?

आणि हे करता येण्यासारखे होते, ह्याचा पुरावा त्याच कार्यक्रमात सापडतो. जी घरे जागच्या जागी दुरुस्त करावयाची होती, तेथे पैसा हप्त्याहप्त्याने घरमालकाच्या हाती देण्यात आला आणि काम त्याने स्वतः करावे असे ठरले. गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रिया 'संवाद सहायक' म्हणून नेमल्या गेल्या. स्वयं शिक्षण प्रयोग ह्या संस्थेचा ह्या कामात मोठा वाटा होता. भिंतीत आरपार दगड कोठे बसवावा, माळवदाचे ओझे कसे उतरवावे, हप्ता कधी मिळतो, ह्या गोष्टी ज्या बायकांनी पूर्वी कचेरीची पायरी चढली नव्हती, त्या दुसऱ्या बायकांस समजावून सांगू लागल्या. येथे लोकांस घर मिळाले असे म्हणण्यापेक्षा लोकांनी घर केले असे म्हणणे अधिक बरोबर होईल.

हा प्रश्न एकट्या मराठवाड्याचा नाही. सिसिलीत जानेवारी 1968 मध्ये भूकंपाने गिबेलिना हे गाव नष्ट झाले. नवे गिबेलिना कित्येक कोस दूर उभारले गेले. नामांकित शिल्पकारांनी तेथे चौक व कलाकृती निर्माण केल्या, आणि जुन्या गावाच्या अवशेषांवर आल्बेर्तो बुर्री ह्या चित्रकाराने पांढऱ्या सिमेंटची चादर घातली, जीत जुन्या गल्ल्या चिरांसारख्या दिसतात. कलेच्या दृष्टीने ही अद्भुत गोष्ट. पण नव्या गावाचे रस्ते इतके रुंद झाले की ते माणसांनी भरत नाहीत, अशी टीका त्यावर वारंवार झाली. ह्याच्या उलट, 26 जानेवारी 2001 च्या कच्छ भूकंपानंतर गुजरातेत गाव हलविण्यास पुष्कळ ठिकाणी लोकांनीच नकार दिला, आणि घरमालकाच्या हाती पैसा व तंत्रसाहाय्य देऊन त्यानेच घर बांधावे, ह्या मार्गावर मोठा भर देण्यात आला. लातूरचा अनुभव त्या धोरणापुढे होता. येणेप्रमाणे किल्लारीच्या लोकांनी सोसून जे शिकविले, त्याचा लाभ भुजच्या लोकांस मिळाला. इतिहासात असे ऋण नेहमी दुसऱ्याच कोणाच्या खाती फिटते.

तीस वर्षांच्या अवधीत 52 गावांतील लोकही स्वस्थ बसले नाहीत. सरकारी नकाशात जे नव्हते, ते त्यांनी हळूहळू स्वतः घातले. खोलीपुढे पत्र्याची पडवी आली. उघड्या भूखंडाभोवती भिंत उभी राहून जुन्या वाड्याचे अंगण परत आले. रुंद रस्त्याच्या कडेस लिंब लागले व सावली परतली. दारापुढे ओटा झाला. ज्या चौकटीत त्यांस बसविले होते, ती त्यांनी आपल्या अंगाबरोबर वळवून घेतली. भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने ह्या भागातील सुमारे 1200 मुले शिक्षणासाठी पुण्यास नेली. ती आता प्रौढ झाली आहेत. त्यांच्यापैकी जो गावी परततो, त्याची कथा करमणुकीच्या मालिकेतील नायकासारखी नसते. त्याला ज्या गल्लीची आठवण आहे, ती गल्ली पृथ्वीवर नाही; आणि ज्या गावाच्या पाटीवर त्याच्या गावाचे नाव आहे, त्या गावाची त्याला बालपणीची आठवण नाही. दोघांनाही एकमेकांशी ओळख करून घ्यावी लागते. जुन्या किल्लारीच्या जागी स्मृतिस्तंभ आहे व दरवर्षी 30 सप्टेंबरला तेथे श्रद्धांजली वाहिली जाते. त्या दिवसापुरते जुने गाव व नवे गाव एकत्र येतात.

हा विचार नुसता गतकाळाचा नाही. नांदेड शहरासही गेल्या दोन दशकांत लहान धक्क्यांनी वेळोवेळी जागे केले आहे. 21 मार्च 2024 रोजी हिंगोली जिल्ह्यात झालेला धक्का नांदेडपर्यंत जाणवला. मराठवाड्याच्या खेड्यांतून दगडमातीच्या जाड भिंती व पिढीजात माळवदे आजही पुष्कळ उभी आहेत. धरणांसाठी, रस्त्यांसाठी, पुरांमुळे गावे उठतच असतात. तेव्हा पुन्हा कोणती तरी पांढरी वसविण्याची वेळ येणार नाही, असे कोणी म्हणू नये. ती आली असता लेखणी घेऊन बसणाऱ्या अधिकाऱ्याने सातबारा उघडण्यापूर्वी घरातील माणसे मोजावी, आणि नकाशा काढण्यापूर्वी गल्लीतल्या बायकांस विचारावे, की तुमच्या शेजारी कोण राहत होते.